आवडले, नावडले, कळले नाही

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या कोणत्याही चित्रप्रदर्शनाच्या दाराशी घटकाभर उभे राहावे. आत आलेला गृहस्थ पहिल्या चित्रापाशी थांबतो, खालची पाटी वाचतो, पुन्हा एकदा चित्राकडे पाहतो आणि पुढे सरकतो. दालनाला एक फेरी घालावयास त्याला दहा मिनिटे पुरतात. बाहेर पडताना तो अभिप्रायाच्या वहीत लिहितो, "प्रदर्शन उत्कृष्ट. चित्रकारांना शुभेच्छा." वहीची मागची पाने चाळली तर तेथेही हेच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत आढळते. कोणते चित्र आवडले, कोणते खटकले, कोणत्या चित्रापुढे बुद्धी थबकली, याविषयी वही मुकी असते.

हाच गृहस्थ रात्री नाटकाहून परततो तेव्हा मात्र मुका नसतो. दुसरा अंक लांबला, नायिकेचे पद रंगले नाही, विनोद शिळा होता, हे तो वाटेत सोबत्याला पटवून देतो. कीर्तनकाराने आख्यान कोठे ताणले हे खेड्यातील अक्षरशत्रू म्हातारीही अचूक सांगते. आमटीत मीठ कमी पडले हे सांगावयास तर कोणी पाकशास्त्राचा ग्रंथ वाचत नाही. मग संकोच चित्रासमोरच का व्हावा? चित्र हा जाणकारांचा प्रांत. तेथे तोंड उघडले तर आपले अज्ञान उघडे पडेल, ही भीती त्याच्या मुळाशी आहे, आणि ती अशिक्षितांपेक्षा सुशिक्षितांना अधिक ग्रासते. शाळेतील चित्रकलेचा तास हा पुष्कळदा गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यासाठी वापरला जातो, हेही याचे एक कारण होय. ज्या विषयाचा तास सहज हिरावून घेता येतो, त्या विषयात आपले मत असावे असे विद्यार्थ्याला वाटेनासे होते.

चित्राविषयीचे मत ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे यावर कोणी म्हणेल. सामान्य प्रेक्षकाच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु येथे जमलेल्या श्रोतृवर्गाची गोष्ट वेगळी आहे. शिक्षकाला जे चित्र नावडते त्याला गुण कमी पडतात. ग्रामपंचायतीला जी भिंत जुनाट वाटते तिच्यावर रंगाचा कुंचला फिरतो. अधिकाऱ्याला जे आवडते ते कार्यालयाच्या दर्शनी भागी लागते आणि त्याची बदली होऊन गेल्यावरही वर्षानुवर्षे तेथेच राहते. या तिघांची आवड आणि नावड ठरावाच्या, शेऱ्याच्या किंवा आदेशाच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून ती थोडी तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम आवडीचा विचार घ्यावा. मराठी घरांना सर्वांत अधिक आवडलेला चित्रकार कोण, याचे उत्तर शोधू जाता केरळातील किळिमानूर येथे १८४८ साली जन्मलेल्या राजा रविवर्मा यांचे नाव पुढे येते. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत शिळाछापखाना उभारला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके हेही उमेदवारीच्या काळात काही दिवस या छापखान्यात होते. एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेल्या तेथील लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी गेल्या. हौशी गृहिणींनी त्या छापील चित्रांवर जर आणि टिकल्या चिकटवून देवींना वस्त्रालंकारही चढविले. देवळाचा उंबरठा ज्यांना त्या काळी बंद होता त्यांच्याही भिंतीवर देवता आल्या, ही गोष्ट लहान नव्हे.

ही चित्रे इतकी का आवडली? शकुंतलेचे उदाहरण घ्यावे. पायात रुतलेला काटा काढण्याचे निमित्त करून ती मागे वळून दुष्यंताकडे पाहते आहे. दुष्यंत चित्रात कोठेच नाही. तरीही ती कोणाकडे पाहते हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले होते, आणि त्यामुळे ही कथा मराठी माणसाच्या कानात पदांसकट बसलेली होती. त्यातच रविवर्मा यांच्या अनेक पौराणिक नायिका मराठी धाटणीची साडी नेसलेल्या असत. पुराणातील स्त्री आपल्याच वाड्यातून उठून आल्यासारखी दिसू लागली, आणि ओळखीचा आनंद हा चित्रानंदात मिसळून गेला.

नेमक्या याच गुणावर तत्कालीन काही विद्वानांनी कठोर टीका केली. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी या कलासमीक्षकांना ही चित्रे नाटकी वाटली. पाश्चात्त्य तैलचित्रणाची पद्धत घेऊन भारतीय देवतांना रंगभूमीवरील पात्रांची कळा दिली गेली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गंमत अशी की, टीकाकारांना जे नाटकी वाटले ते नाटकवेड्या महाराष्ट्राला त्याच कारणासाठी प्रिय झाले. दोघांनी चित्रात एकच गोष्ट पाहिली आणि तिची किंमत मात्र वेगवेगळी केली. असा मतभेद झाला म्हणजे चित्र खरोखरीच पाहिले गेले असे समजावयास हरकत नाही. अभिप्रायाच्या वहीतील एकमुखी 'उत्कृष्ट'पेक्षा तो किती तरी अधिक मोलाचा आहे.

तथापि आवड ही नेहमीच चित्रावर बसलेली असते असे नाही. ती कथेवर असते, देवतेवर असते, लहानपणीच्या माजघरावर असते. कधी ती केवळ नावावर असते. याचा एक नमुना तर मोठा बोलका आहे. हाताच्या आडोशाने दिव्याची ज्योत सांभाळीत उभी असलेली, साडी नेसलेली युवती पुष्कळांनी पाहिली असेल; तिच्या प्रतिकृती दिवाणखान्यांत, दवाखान्यांत, दिनदर्शिकांवर सर्वत्र आढळतात. हे चित्र रविवर्मा यांचे आहे असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. वस्तुतः ते सावंतवाडीस जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ओळखले जाणारे हे चित्र त्यांनी १९४० नंतरच्या दशकात, म्हणजे रविवर्मा यांचे १९०६ साली निधन झाल्यावर सुमारे चाळीस वर्षांनी, आपल्या कन्येला समोर उभे करून रंगविले. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे.

आणि ते जलरंगात आहे, हे कळल्यावर तर ते पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगाच्या पारदर्शक पद्धतीत ती सोय जवळजवळ नाही. उजेड हा कागदाच्या पांढरेपणातूनच यावा लागतो, आणि तो कोठे राखून ठेवावयाचा हे आधी ठरवावे लागते. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांच्या कडा आतून लालसर झालेल्या आहेत. कंदिलासमोर किंवा विजेरीसमोर हात धरून मुले हा प्रकार नेहमी पाहतात. हळदणकरांनी तो कागदावर आणला. एवढे सारे दिसू लागल्यावर चित्रकाराचे नाव चुकले याची खंत वाटू लागते, आणि ही खंत वाटणे हे आवड खोल गेल्याचे लक्षण होय. ज्यांना हे चित्र केवळ 'रविवर्म्याचे' म्हणून आवडत होते त्यांना, ते हळदणकरांचे आहे हे कळल्यावर कमी आवडू लागले काय, एवढा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा.

नावडीचे प्रकरण याहून नाजूक आहे. नावडणे हा प्रेक्षकाचा हक्कच होय. प्रत्येक चित्र आवडलेच पाहिजे असा आग्रह धरणारे रसिक चित्रकलेचे नुकसानच करतात, कारण त्यांच्या भीतीने सामान्य माणूस खोटे बोलू लागतो. परंतु नावडीच्या हाती अधिकाराचा शिक्का असला म्हणजे काय घडते हे १९५४ साली मुंबईत दिसून आले. काळा घोडा येथील जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले होते. तेथे अकबर पदमसी या पंचविशीच्या उंबरठ्यावरील, पॅरिसहून परतलेल्या चित्रकाराचे प्रदर्शन भरले. त्यातील 'लव्हर्स' अर्थात प्रेमी युगुल या विषयावरील चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर दाखविला होता. पोलिसांनी ही चित्रे काढून घेण्यास सांगितले. पदमसी यांनी नकार दिला. भारतीय दंड संहितेच्या तत्कालीन २९२ व्या कलमाखाली अश्लीलतेचा खटला भरला गेला. न्यायालयाने चित्रकाराला निर्दोष ठरविले.

त्या पोलीस अधिकाऱ्यांना खलनायक ठरविण्याचे कारण नाही. चित्र पाहून त्यांना धक्का बसला असेल तर तो खराच असला पाहिजे. दालनात आलेल्या इतर अनेकांनाही तो बसला असेल. प्रश्न एवढाच की, 'मला हे पाहवत नाही' आणि 'हे कोणालाही पाहू देता येणार नाही' या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे ते किती वेळात ओलांडले गेले. न्यायालयाला ते अंतर सावकाश चालावे लागले. साक्षी घ्याव्या लागल्या, चित्रात काय आहे आणि ते कशासाठी आहे याची चर्चा करावी लागली. दालनात ही चर्चा आधी घडली असती तर कदाचित खटल्याची वेळ आली नसती. पदमसी यांना पुढे पद्मभूषण मिळाले, ही गोष्ट येथे पुरावा म्हणून पुढे करण्याचा मोह होतो. पण सन्मान मिळाला म्हणून चित्र आवडलेच पाहिजे असे त्यावरून ठरत नाही.

न्यायालयापर्यंत न पोहोचणारे खटले वर्गावर्गांतून रोज निकालात निघतात. इयत्ता तिसरीतील मुलाने झाड जांभळे रंगविले. शिक्षकाने विचारले, "झाड जांभळे असते का रे?" मूल गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्याचे झाड हिरवे झाले. पाठोपाठ दोन डोंगर आले, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य आला, खाली नदी, नदीकाठी झोपडी आणि चारच्या आकड्यासारखे पक्षी आले. हे चित्र महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत, सांगलीपासून गोंदियापर्यंत, सारखेच सापडते. ज्या मुलांनी आयुष्यात नारळाचे झाड पाहिलेले नाही तीही नदीकाठी नारळच काढतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांनी खेड्यापाड्यांतील लाखो मुलांच्या हाती रंगपेटी दिली, हे त्या परीक्षांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु स्मरणचित्राच्या नावाखाली मुलाला स्वतःचे स्मरण सोडून गुरुजींच्या फळ्यावरील चित्राचे स्मरण करावे लागत असेल, तर त्या तासाला चित्रकलेचा तास म्हणणे अवघड आहे. जांभळ्या झाडाविषयी विचारावयाचा प्रश्न दुसराच होता: हे झाड तू कोठे पाहिलेस? संध्याकाळी डोंगराच्या सावलीतील झाडी खरोखरच जांभळी दिसते, असे त्या मुलाने कदाचित सांगितले असते. हिरवी रंगकांडी संपली होती, असेही सांगितले असते. दोन्ही उत्तरे ऐकण्यासारखी आहेत.

येथपर्यंत नावडीने होणाऱ्या हानीचा विचार झाला. आवडीनेही चित्र नष्ट होते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. अजिंठ्याची लेणी १८१९ साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याच्या दृष्टीस पडली. दहाव्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली आहे. त्यानंतर जे जे तेथे गेले ते त्या भित्तिचित्रांवर लुब्ध झाले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून पुढे अनेक वर्षे नकला करण्यात घालविली. त्यातील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. १८७२ पासून जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह तेथे नकला करू लागले. नकला करताना मंद झालेले रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर रोगण चढविण्यात आले. पुढे निजाम सरकारने १९२० च्या सुमारास दोन इटालियन तज्ज्ञ आणविले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी जागच्या जागी बसविला, हे त्यांचे मोठेच काम; पण चित्रांवर त्यांनी लाखेचा लेप दिला. काळ लोटला तसा हा लेप पिवळा, मग तपकिरी झाला आणि ज्या रंगांवरील प्रेमापोटी तो चढविला होता तेच रंग त्याने झाकून टाकले. पुरातत्त्व खात्याला हे थर उतरविण्यासाठी पुढे अनेक वर्षे खपावे लागले. यात द्वेष कोणाचाच नव्हता.

अजिंठ्याकडे जगाचे लक्ष आहे. गावच्या देवळाकडे कोणाचे असते? मराठेशाहीच्या उत्तरकाळात आणि त्यानंतरही पश्चिम महाराष्ट्रात, नाशिककडे आणि इतरत्र वाडे व देवळे यांच्या भिंतींवर चित्रे काढण्याची चाल होती. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणविसांच्या वाड्यात आणि चांदवडच्या रंगमहालात ती आजही पाहावयास मिळतात. ही दोन्ही स्थळे नामांकित. पण अशी अनेक लहान देवळे होती व आहेत, ज्यांच्या गाभाऱ्याबाहेरील चुन्याच्या गिलाव्यावर कोणा अनाम चिताऱ्याने दशावतार, राधाकृष्ण, हत्ती, शिपाई रंगविले. दिव्याच्या काजळीने ती काळवंडली, कोठे पोपडा सुटला. मग जीर्णोद्धाराची वर्गणी जमते, बैठक बसते, कोणी तरी म्हणतो, "हे फार जुने दिसते, स्वच्छ करून टाकू." ठराव एकमताने होतो. आठवड्याभरात भिंतीवर गुळगुळीत ऑइलपेंट चढतो आणि नव्या रंगाऱ्याकडून कॅलेंडरवरच्या देवता काढून घेतल्या जातात.

या ठरावावर सही करणारे सरपंच भाविक असतात, हेतू शुद्ध असतो. त्यांना ती जुनी चित्रे आवडली नाहीत, एवढेच. अधिक खरे बोलायचे तर त्यांनी ती कधी नीट पाहिलीच नव्हती. परंतु चुन्याच्या भिंतीवर बसलेला ऑइलपेंट हा भिंतीतील ओल आतच कोंडतो. पावसाळ्यामागून पावसाळे गेले की गिलाव्याला फुगे धरतात आणि नवा रंग जुन्या चित्रासह पोपड्यांनी गळून पडतो. नाटक नावडले तर पुढील खेळाला जाऊ नये, पुस्तक नावडले तर मिटून ठेवावे. भिंतीवरील चित्राला असा दुसरा खेळ नसतो. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी उजेडात प्रत्येक भिंतीची छायाचित्रे घेणे आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला एक पत्र लिहिणे, या दोन गोष्टींना फारसा खर्च येत नाही. त्या दिवसांत गावातील वडीलधाऱ्यांना भिंतीपाशी बसवून "हा कोण, ही कोण" असे विचारले तर निम्म्या गावाला ती चित्रे आवडू लागतील, असाही संभव आहे. आणि तरीही नावडली, तर पांढऱ्या पडद्याने झाकता येतात.

आता तिसरा प्रकार, न कळणाऱ्या चित्रांचा. येथे मराठी वाचकाला वासुदेव गायतोंडे यांच्याखेरीज दुसरे नाव सुचणे कठीण. मूळ गोव्याकडील घराणे, १९२४ साली नागपुरात जन्म, १९४८ मध्ये जे. जे. कलाशाळेची पदविका. आरंभी ते माणसे, पक्षी असे काही काढीत; हळूहळू चित्रांतून सारे आकार निघून गेले. उभ्या कॅनव्हासवर एक रंग, त्याच रंगाच्या गडद-फिक्या छटा, मधूनच पृष्ठभागावर येऊन पुन्हा विरून गेल्यासारख्या काही खुणा. चित्राला नाव नाही. कुंचल्याऐवजी ते पुष्कळदा रूळ आणि रंगपट्टी वापरीत; रंगाचा थर चढवावयाचा, तो खरवडावयाचा, वाळू द्यावयाचा, थांबावयाचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. कोणत्या तरी वस्तूचे रूप काढून टाकून हे चित्र उरलेले नाही, ते मुळात वस्तूपासून निघालेलेच नाही, अशी त्यांची भूमिका होती.

अशा चित्रासमोर उभा राहिलेला प्रेक्षक हमखास विचारतो, "हे काय आहे?" प्रश्न वावगा नाही. मात्र तोच माणूस खेड्यातील घरी, ताज्या सारवलेल्या अंगणाकडे पाहून असा प्रश्न करीत नाही. शेणाच्या हाताची अर्धवर्तुळे एकात एक गुंतलेली असतात, कोठे ओल अधिक, कोठे कमी, उन्हाची तिरीप पडली की एक कड चमकते. आणि बसलेला पाहुणा त्याकडे पाहतच राहतो. ते कशाचे चित्र नसते. पावसापूर्वीचे आभाळ पाहताना शेतकऱ्याचा अर्धा जीव पेरणीत गुंतलेला असतो हे खरे, पण उरलेला अर्धा जीव केवळ पाहत असतो. गायतोंडे यांच्या चित्राला एवढेच लागते, आणि त्यासाठी दहा मिनिटे एका जागी उभे राहावे लागते. पहिल्या मिनिटाला सपाट वाटलेला पिवळा पाचव्या मिनिटाला सपाट राहत नाही. काहींना तेव्हाही काही घडत नाही. त्यांनी निःसंकोच पुढे जावे.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. न कळणारे प्रत्येक चित्र खोल असते, हा समज चित्रकलेतील सर्वांत मोठ्या ढोंगाला जन्म देतो. काही चित्रे कळत नाहीत, कारण त्यांत कळण्यासारखे काही नसते. हे निवडण्याचा एकच मार्ग आहे: पुन्हा जाऊन पाहणे. पोकळ चित्र दुसऱ्या भेटीत नवे काही दाखवीत नाही.

किंमत हा मार्ग तर मुळीच नव्हे. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतील लिलावात गायतोंडे यांचे एक चित्र २३ कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले आणि वृत्तपत्रांनी तो आकडा ठळक टाइपात छापला. चित्रकाराला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. त्यांनी उत्तरायुष्य दिल्लीत अत्यंत साधेपणाने, एकाकी काढले होते. आकडा छापून आल्यावर जे काल हसत होते ते गंभीर झाले, आणि जे काल मनापासून पाहत होते त्यांनाही चित्राच्या जागी आकडा दिसू लागला. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले, त्यालाही आपल्याकडे पुष्कळांनी किमतीच्याच बातमीचा पुढचा भाग मानले.

कळण्याच्या संदर्भात वारली चित्रांचा उल्लेख केला नाही तर विषय अपुरा राहील, कारण येथे उलटा प्रकार घडला आहे. एके काळी ही चित्रे 'पोराटोरांच्या रेघोट्या' म्हणून कोणी पाहत नसे. आज ती सर्वांना इतकी कळली आहेत की कोणी पाहत नाही. लग्नप्रसंगी सुवासिनींनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहावयाचा चौक, त्यात पालघट देवी, हा त्यांचा मूळ विधी. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रे कागदावर आली आणि डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे हा अलौकिक चित्रकार जगापुढे आला. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. मशे यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहावे: बारीक रेषांची ती दाट वीण किती धीराने घातली आहे! आणि मग कोणत्याही तालुक्याच्या गावी कचेरीच्या कुंपणभिंतीवरील तारपा नृत्य पाहावे. ठेकेदाराने साचा धरून फवारलेल्या त्या माणसांचे पाय एकाच कोनात वाकलेले असतात. तारपा वाजविणारा वर्तुळाच्या आत आहे की बाहेर, याचीही कोणाला फिकीर नसते. ज्या अधिकाऱ्याने ही कामे मंजूर केली त्याला वारली चित्रे आवडत नाहीत असे म्हणता येणार नाही. तेवढ्याच रकमेत डहाणू-तलासरीकडील दोघा वारली चित्रकारांना बोलावून एक भिंत त्यांच्या मर्जीने रंगवून घेता आली असती; उरलेल्या भिंती कोऱ्या राहिल्या असत्या तरी चालले असते.

शेवटी एका जागेविषयी. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातील औंध येथे यमाई देवीच्या डोंगराच्या चढणीवर श्री भवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभारले. हे राजे स्वतः चित्रकार होते. पाठोपाठ १९३९ साली महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने त्यांनी संस्थानला नवी राज्यघटना दिली आणि कारभार गावच्या पंचायतींकडे सोपविला. ज्या माणसाने खेडुतांच्या हाती सत्ता दिली त्यानेच आपली चित्रे मुंबई-पुण्याला न पाठविता खेड्यात ठेवली, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे तेथे आहेत, धुरंधरांची आहेत, जुनी लघुचित्रे आहेत; आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे, माता व बालक यांचे एक लहानसे दगडी शिल्पही आहे.

शाळांच्या सहली तेथे येतात. मुलांची रांग एका दारातून आत शिरते आणि दुसऱ्याने बाहेर पडते. मागून "चला, चला, गाडी सुटेल" असा पुकारा चालू असतो. एखाद्या शिक्षकाने पुढील खेपेस एवढे करून पाहावे. सर्व दालने दाखविण्याचा हट्ट सोडून मुलांना तीन वस्तूंपाशीच न्यावे: रविवर्मा यांचे एक चित्र, कोणतेही एक लघुचित्र, आणि ते मूरचे शिल्प. पाटी वाचू देऊ नये. प्रत्येकापाशी दहा मिनिटे खाली बसवावे आणि वहीत फक्त काय दिसते ते लिहावयास सांगावे. कोणाला काही आवडले नाही तर तेही, आणि कळले नाही तर काय कळले नाही तेही. शिक्षकानेही आपली वही उघडावी आणि मुलांच्या आधी आपले वाचून दाखवू नये.